काकूंचा पाठमोरा फोटो

आधीच सांगून टाकते – मी असल्या गोष्टींवर हसणारी बाई आहे. सासूबाई अमावास्येला नखं कापू देत नाहीत, तर मी मुद्दाम त्याच दिवशी नेलकटर घेऊन बसते, इतकी आगाऊ! त्यात आयुष्य गेलं पॅथॉलॉजी लॅबमध्ये. मायक्रोस्कोपखाली दिसतं ते लिहायचं, नाही दिसत ते लिहायचं नाही. तुमच्या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचायचे आणि नवऱ्याला वाचून दाखवत खिदळायचे. आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीय... तेव्हा हसायचं तर खुशाल हसा, फक्त पूर्ण वाचून हसा.

आम्ही ठाकुर्ली पूर्वेला राहतो, नव्वद फुटी रस्त्याच्या जरा आत, तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारात काका-काकू. मूळचे देवगडकडचे, पण सगळा संसार इथेच झाला. मुलगा बंगळुरूला. काका रिटायर्ड, कमी बोलणारे, हातात कायम पेपर. आणि काकू म्हणजे... आमच्या मजल्याचा रेडिओ! वाटीभर साखर मागायला गेलं तर अर्धा तास सुटका नाही.

मला एकच नाद आहे, फोटोंचा. मोबाइलवर नाही हं. माझ्याकडे एक साधा रोलवाला कॅमेरा आहे, प्लॅस्टिकचा. त्याला झूम नाही, फोकस करायची भानगड नाही, काढलेला फोटो बघायला स्क्रीन तर नाहीच. बटण दाबलं की खट् – विषय संपला. त्यात ब्लॅक अँड व्हाइट रोल घालायचा आणि माणसं आपल्या तंद्रीत असताना टिपायची. कॅमेरा डोळ्याला लावला की लोक पोट आत घेतात, म्हणून मी तो पोटाशी धरते. कोपरच्या बाजारात वांगी दाबून बघणाऱ्या बाया, बाकावर बसून कान कोरणारे आजोबा, सगळे या डब्यात आहेत. रोलही घरीच धुते, बाथरूममध्ये. शिरीष, माझा नवरा, म्हणतो, "लोक बाथरूममध्ये गाणी म्हणतात, आमच्याकडे केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चालतं."

या डब्यात एकच माणूस कधी सापडलं नाही – काकू. त्यांचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. लहानपणी कुणीतरी त्यावरून चिडवलेलं, ते मनात जे बसलं ते बसलं. हसू आलं की पदर तोंडावर. कुणी मोबाइल वर केला की पदर तोंडावर. मुलाच्या लग्नातल्या एकूण एक फोटोत काकू आहेत आणि एकाही फोटोत काकूंचं तोंड नाही! माझा पोटाशी धरलेला कॅमेरासुद्धा त्यांना बरोबर कळायचा. "मनीषा, ठेव तो डबा खाली, नाहीतर उद्यापासून सोलकढी बंद!"

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सोसायटीच्या गच्चीवर पापड वाळत घातले होते. काम आटोपलं, तशा काकू कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. समोर लांबवर मलंगगड, वारा सुटलेला, दोरीवरच्या चादरी फडफडतायत. त्यांचा तो पांढराशुभ्र अंबाडा इतका सुरेख दिसत होता की मला राहवेना.

"काकू, एक काढू?"

"काढायचाच तर पाठीमागून काढ," त्या न वळता म्हणाल्या. "पाठीला दात नसतात."

मी काढला. खट्. "झाला का गो?" हेही त्यांनी डोंगराकडे बघतच विचारलं. "झाला," म्हटलं आणि रोल पुढे सरकवला. मग त्या वळल्या आणि पापड उलटायला बसल्या. हा सीन मला लख्ख आठवतो, कारण काकूंनी परवानगी दिलेला तो एकमेव फोटो होता.

श्रावणात काकू गेल्या. सकाळी ओट्याशी चहा करत होत्या, तिथेच खाली बसल्या... संपलं. मुलगा आला, दिवस केले. भिंतीवर लावायला फोटो हवा, तर मिळाला फक्त आधार कार्डावरचा. तोच मोठा करून, हार घालून लावला. आता आधारवरच्या फोटोत आपण आपल्यालाच ओळखू येत नाही, तर तिथे त्या काकू कुठून दिसणार? कुणीतरी रागावलेली, धुरकट बाई होती ती.

मुलगा परत गेला. आणि एका रविवारी दुपारी काका आमच्या दारात. आत या म्हटलं तर येईनात. उंबऱ्यातच उभे.

"मनीषा, मला ती आठवत नाही गो."

"म्हणजे काय, काका?"

"तोंड आठवत नाही. आवाज येतो कानात, बांगड्या वाजतात, सगळं येतं. डोळे मिटले की तोंडच येत नाही. भिंतीवर लावलीय ती कोण आहे, मला ठाऊक नाही." त्यांनी दाराची चौकट धरली. "मी आता किती दिवसांचा? वर गेलो तर तिला ओळखू कशी? तू गावभरच्या माणसांचे फोटो काढतेस, तिचा एक तरी असेल ना?"

गच्चीवरचा तो रोल अजून कॅमेऱ्यातच होता, पण त्यात होती ती पाठ! तसं मी त्यांना सांगितलंही. "पाठ तर पाठ," काका म्हणाले.

त्याच दुपारी रोल धुतला आणि ओला रोल चिमटा लावून बाथरूममधल्या दांडीला टांगला. त्यातली ती फ्रेम मी भिंग लावून बघितली. दिवसभर स्लाइड बघायचा धंदा आहे माझा, डोळे चुकत नाहीत. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं – पांढरं ते काळं. तर काकूंचा अंबाडा काळाभोर, त्याखाली मान, पाठीवरून गेलेला पदर. चेहऱ्याचा कणही नाही. मी शिरीषलाही हाक मारली, म्हटलं बघ, कुठे गालाची कड तरी दिसते का. त्याने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "अंबाडाच आहे गं नुसता. काकांना काय सांगणार आता?"

रोल सुकल्यावर काकांना बोलावलं. त्यांनी तो कडेने धरला, खिडकीच्या उजेडात नेला, मी ती फ्रेम बोटाने दाखवली. बराच वेळ ते बघत राहिले. आणि मग, आम्हाला नाही हं, त्या एवढ्याशा काळ्या अंबाड्याला म्हणाले,

"अगो... एकदा वळ की इकडे."

मला तिथे उभंच राहवेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत बसले. काका गेल्यावर रोलच्या पट्ट्या कापल्या आणि पाकिटात सरकवल्या. पुन्हा बघितलं नाही. बघवलंच नाही.

ठाण्याला, नौपाड्यातल्या एका गल्लीत, अजूनही हाताने प्रिंट काढून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे पट्टी दिली, त्या एका फ्रेमची मोठी प्रिंट सांगितली. पुढच्या आठवड्यात आणायला गेले, तर मला बघताच म्हणाले, "मॅडम, काय क्षण पकडलाय! आजी काय हसल्यात!"

"कुठल्या आजी?" मी म्हटलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं पाकीट माझ्या हातात देतायत.

त्यांनी प्रिंट काउंटरवर ठेवली.

गच्ची तीच. दोरीवरच्या चादरी त्याच, मागे मलंगगड तोच. आणि कठड्याला टेकून, सरळ माझ्याकडे तोंड करून काकू हसतायत. तोंडभर हसतायत! पदर खांद्यावर, दोन्ही हात मोकळे, आणि तो चढलेला दात... अहो, इतका गोड दिसत होता तो दात! डोळ्यांशी सुरकुत्यांचं जाळं, वाऱ्याने कपाळावर आलेली एक बट. काकूच. शंभर टक्के काकू.

मी निगेटिव्ह जवळजवळ हिसकावून घेतली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. त्यातही चेहरा. आधीच्या फ्रेममध्ये पापडांवरून उडी मारणारं मांजर, नंतरच्या फ्रेममध्ये पेपर तोंडावर घेऊन झोपलेला शिरीष – पट्टी माझीच, कुठे जोड नाही, काही नाही. सर्रकन काटा आला अंगावर. पण खरं सांगू? भीती नाही वाटली. देवळाच्या गाभाऱ्यात अचानक पडदा सरकतो आणि मूर्ती समोर दिसते, तसं काहीतरी झालं. काउंटरपाशी उभ्या उभ्या माझे हात आपोआप जोडले गेले – माझे! अमावास्येला नखं कापणारीचे!

घरी आल्यावर शिरीषला दाखवलं, तर म्हणाला, "आपण बघताना चुकलो असू." मी म्हटलं, "दोघं? एकच चूक? भिंगातून?" त्यावर त्याने भिंग आणलं आणि पट्टी पुन्हा उजेडात धरली. धुतलेला रोल म्हणजे पक्का झालेला रोल. त्यावरचं चित्र पुसट होईल, ओरखडे पडतील, बुरशी लागेल... माणूस वळत नाही हो त्यात!

संध्याकाळी प्रिंट घेऊन काकांकडे गेले. ठाण्याहून येताना किती तयारी केली होती, त्यांना कसं सांगू, त्यांना धक्का बसला तर काय करू. काकांनी चष्मा पुसला, फोटो दोन्ही हातांत घेतला. आणि त्यांना काही आश्चर्य वाटलंच नाही. नुसती मान हलवली, जशा काही काकू आतल्या खोलीतून बाहेर आल्या होत्या.

"वळली गो ती," म्हणाले. मग डोळ्यांना धार लागली, पण ती पुसायलाही त्यांनी फोटो खाली ठेवला नाही. "ही ओट्याशी, मी इथे खुर्चीत. चहा टाक, पाणी दे, माझी किल्ली कुठे ठेवलीस – उभा जन्म मी तिच्या पाठीशीच बोललो मनीषा. वळ म्हणून कधी म्हटलंच नाही. एकदा म्हटलं, तर बघ, लगेच ऐकलंन."

मी आजही ती पट्टी अधूनमधून काढून उजेडात धरते. काकू हसतायत. हे कसं झालं, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन, पण "कॅमेरा बिघडला असेल" एवढं म्हणू नका प्लीज. दिसलं ते लिहिलंय – आधी दिसलं तेही आणि नंतर दिसलं तेही.

आधारवाला फोटो काकांनी हारासकट उतरवला. नव्याला हार घालू देत नाहीत. तो लावलाय स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर. आता चहा ते स्वतःच टाकतात, खुर्ची ओढतात आणि कप हातात घेऊन तिच्याकडे तोंड करून बसतात.