मोठ्या घराचं कापड

गुढीपाडव्याच्या दिवशी तिने कापड मोठ्या घराच्या ओट्यावर परत ठेवलं आणि ती वाडीवर निघून गेली. तिच्याबरोबर तिची मुलगी होती. नवरा मागे राहिला.

हे मी माझ्या दारातून पाहिलं. एकोणीसशे साठनंतरची पहिली वर्षं. मळवलीजवळच्या एका गावात मी शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते आणि मोठ्या घरासमोरची खोली भाड्याने घेतली होती. ओट्यावर एवढी माणसं का जमली आहेत ते बघायला मी बाहेर आले. पुढची कितीतरी वर्षं ज्या बाईला मी मावशी म्हणणार होते, ती मला प्रथम दिसली ती पाठमोरी.

त्या गावातली बरीचशी भातखाचरं मोठ्या घराची. त्यांत राबायला माणसं यायची ती डोंगरावरच्या वाडीतून. त्यांचं साल पाडव्याला सुरू होई. कागद नाही, अंगठा नाही. घरातले वडीलधारे आबा ओट्यावर मांजरपाटाचा तागा उलगडत, हाताने मापत आणि दोन्ही मुठींत धरून टर्रकन फाडत. गड्याला धोतर आणि बंडीपुरतं कापड, त्याच्या बायकोला जाडंभरडं लुगडं. लुगड्याचा रंग दर वर्षी तोच, काळपट हिरवा. कापड खांद्यावर टाकलं की साल लागलं. मग ते अख्खं घर पुढच्या पाडव्यापर्यंत मोठ्या घराचं. महिन्याच्या महिन्याला पोटाला तांदळाची कणी, मीठ, मिरची मिळे. भात लावायचं त्यांनी, कापायचं त्यांनी, झोडायचं त्यांनी; चुलीवर शिजायची ती कणीच. बाजारात ते हिरवं लुगडं दिसलं की कुणीही सांगे, ही मोठ्या घराची. कापड टिकायचं मात्र खूप. त्याचं कौतुक करताना सगळे एवढंच म्हणत.

त्या वर्षी तिच्या वाट्याच्या कापडावर आणखी एक लहान लुगडं ठेवलेलं होतं.

"पोर मोठी झाली की," आबा म्हणाले. आवाजात माया होती, ती खोटी नव्हती. "येऊ दे आता गोठ्याला. अशी फाटक्यात का फिरवतीस तिला?"

तिने ते लहान लुगडं उचललं. दोन बोटांत कापड धरून जरा चोळलं. आणि विचारलं, "मागं काय?"

"मागं काय असायचंय? कापड हाय."

"कापडामागं काय हाय ते इचारते, आबा."

"साल हाय. तुझ्या आईला होतं, तुला हाय. आता तिला."

तिने लहान लुगडं ओट्यावर ठेवलं. मग स्वतःचंही त्याच्यावर ठेवलं. लोक हसले. त्यांना वाटलं, हिला बरा काठ हवा आहे. आबाही हसले. "काठ आवडला न्हाई व्हय गं?" ते म्हणेपर्यंत ती मुलीचा हात धरून चढाला लागली होती.

"मागं काय?" हा तिचा प्रश्न नंतर मी इतक्या वेळा ऐकला की तो माझ्याही तोंडात बसला. लोणावळ्याच्या बाजारात दुकानदाराने खण स्वस्त सांगितला की "मागं काय?" देवळात कुणी प्रसाद जरा जास्त दिला तरी "मागं काय?" एका संक्रांतीला मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, तर तिने तोही दोन बोटांत धरला.

"मावशी, मागं काही नाही. गोड बोला, एवढंच."

"ते जमायचं न्हाई," म्हणाली आणि तिळगूळ तोंडात टाकला.

पण ते पहिलं वर्ष विनोदाचं नव्हतं. नवऱ्याने आपलं कापड घेतलं होतं, म्हणून त्याच्यापुरती कणी यायची. तिच्या आणि पोरीच्या वाट्याची बंद झाली. ती रानातून लाकूड आणी, करवंदं आणी, कसल्या कसल्या पालेभाज्या आणी आणि पाटी डोक्यावर घेऊन लोणावळ्याच्या बंगल्यांतून विकत फिरे. मोठ्या घराचं जुनं हिरवं लुगडं तिने गोधडीत घालून टाकलं होतं. उरलं एक, जावेने दिलेलं. मी एकदा वाडीवर गेले तर ती आतूनच ओरडली, "बाई, बाहेर थांबू नका, आत या! लुगडं वाळंस्तोवर मी काय बाहेर येत न्हाई. बोलायला लय येळ हाय आज."

आत गेले तर ती गोधडी गुंडाळून ऐटीत बसलेली. मला म्हणाली, "बघा, बसून खाती मी. जमीनदारीण."

नवरा दारात दोरी वळत होता. मऊ स्वभावाचा, कमी बोलणारा माणूस. मी त्याला म्हटलं, तुम्हाला काय वाटतं हिच्या या करण्याबद्दल? त्याने दोरीला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "डोकं फिरलंय तिचं. पर ज्या अंगाला फिरलंय, ते बरं हाय."

मोठ्या घराने तिला त्रास दिला असं सांगता आलं असतं तर लिहिणं सोपं झालं असतं. तसं झालं नाही. आबांना तिची काळजी वाटे, आणि ती काळजी ते वस्तूंनी पाठवत. श्रावणात घोंगडी पाठवली. दिवाळीला साखर आणि पोरीला परकराचं कापड पाठवलं. प्रत्येक वेळी मोठ्या घराचा एक गडी ते घेऊन डोंगर चढे आणि घेऊन उतरे. शेवटी तोच कावला.

"मावशे, घे की गं! सारखं चढून उतरून माझं गुडघं गेलं."

"मग बस. च्या पी. घोंगडी न्हे."

तो बसे, चहा पिई, घोंगडी नेई.

पोरीला मी शाळेत घातलं. म्हणजे मी विचारलं आणि मावशीने आधी "मागं काय?" विचारून मग घातलं. पोर हुशार होती, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला शाळेत बसायला आवडे. स्वातंत्र्यदिनाच्या आधी हेडगुरुजींनी खटपट करून एका व्यापाऱ्याकडून निळ्या कापडाचा तागा मिळवला. सगळ्या मुलींना परकरासाठी त्यातून कापड फाडून दिलं. दुसऱ्या दिवशीपासून पोर शाळेत येईना.

मी वाडीवर गेले. मावशी दारातच उभी होती, कापडाची घडी हातात. ती मला द्यायला निघालीच होती.

"बाई, तुमच्यावर इश्वास ठिवला मी."

"काय झालं?"

"सगळ्या पोरी एकाच ताग्यातल्या. मी खाली येऊन बघून गेले. रांगेनं हुभ्या केल्या हुत्या. आता सांगा, त्या कुणाच्या घरच्या झाल्या?"

मला हसू आलं नाही. तिच्या आयुष्यात एका ताग्यातून फाडून दिलेल्या कापडाला दुसरा अर्थच नव्हता. तिच्या आईलाही नव्हता. मी तिला समजावलं की हा गणवेश आहे, शहरात श्रीमंतांची मुलंही घालतात, सगळे सारखे दिसावेत म्हणून. तिने नीट ऐकून घेतलं.

"सारखं दिसायचंय ना फकस्त?"

"हो."

"मग मी आणते."

पुढच्या बाजाराला तिने लोणावळ्यातून निळं कापड आणलं. ते शाळेच्या निळ्यापेक्षा बरंच गडद निघालं. हेडगुरुजी अस्वस्थ झाले. झेंड्याच्या रांगेत एकच पोर वेगळी दिसते, म्हणाले. मावशी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"गुरुजी, ह्यो रंग कंचा?"

"निळा. पण..."

"तो रंग कंचा?"

"निळाच, पण मावशी..."

"मग झालं की."

पोर ती शाळा संपेपर्यंत गडद निळ्या परकरात बसली. तुम्ही अशा एखाद्या वर्गाच्या दारातून डोकावला असता तर तुमचीही नजर आधी तिच्यावरच गेली असती.

पुढे एका भादव्यात मावशीचा नवरा तापाने गेला. तोवर दर पाडव्याला तो आपलं कापड घेतच होता. तिने त्याला कधी अडवलं नाही. "त्येचं त्येनं ठरवायचं," म्हणायची. मोठ्या घराचा एक रिवाज होता. सालात असलेला गडी गेला तर मयताचं कापड त्या घराकडून यायचं. आलं की वाडीवरची माणसं मोठ्या घराचं नाव घेत, आणि मयताच्या घरातलं जे कुणी हाताशी आलेलं असे, ते मेलेल्याच्या जागी राबायला जाई. त्या घरात हाताशी आलेली एकटी पोरच होती.

मी गेले तेव्हा अंगणात वाडी जमली होती. तो नेहमीचा गडी कोऱ्या मांजरपाटाची घडी काखेत घेऊन धापा टाकत वर आला. आज त्याने गुडघ्यांचं काही काढलं नाही.

मावशी उठली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने कापड दोन बोटांत धरलं.

"मागं काय?"

गडी कासावीस झाला. "मावशे, आता काय मागं? माणूस गेला."

"माणूस गेला," ती म्हणाली. "पोर हाय."

 ती घरात गेली आणि एक लुगडं घेऊन बाहेर आली. गेल्या दिवाळीत तिने ते स्वतःच्या कमाईतून घेतलं होतं. तांबड्या काठाचं, घडीसुद्धा न मोडलेलं. नेसायचा मुहूर्त ती पुढे ढकलत राहिली होती.

वाडीतला सगळ्यांत म्हातारा माणूस पुढे झाला. "बायकोचं लुगडं गड्याला? असं न्हाई चालत, पोरी. पांढरं लागतंय."

"बाबा, जल्मभर त्येनं दुसऱ्याचं घातलं. आज घरचं घालू द्या."

 म्हाताऱ्याने स्वतः वाकून लुगड्याची घडी मोडली आणि एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला हात लवकर पुढे आले नाहीत. शेवटी ते धरलं मोठ्या घराच्या गड्याने. आणलेलं कापड त्याने दगडावर ठेवलं होतं. खांदा द्यायलाही तो थांबला. सगळं उरकल्यावर ती घडी परत काखेत मारून तो खाली गेला.

बऱ्याच दिवसांनी मावशी मला म्हणाली, "लाजला असता बघा तांबड्या काठाला. पर आवडला असता त्येला."

पोर गोठ्याला गेली नाही. पुढच्या पाडव्याला वाडीतली आणखी दोन घरं ओट्यावर आली नाहीत. बाकीच्यांनी कापड घेतलं. मावशीने त्यांना नावं ठेवली नाहीत. पोटाला कणी लागते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

माझी बदली होण्याच्या सुमारास पुण्याहून आणलेलं एक पुस्तक मी वाचत होते. दूरच्या अमेरिकेत जुन्या काळी मोठमोठ्या मळ्यांवर गुलाम ठेवत, त्यांची हकीकत होती. मालक त्यांना वर्षातून ठरल्या वेळी जाडंभरडं कापड देई, आठवड्याला मक्याचं पीठ आणि खारवलेलं मांस देई. पिकवत ते कापूस, अंगावर मात्र सगळ्यांत हलकं कापड. मावशी माझ्या दारात करवंदांची पाटी टेकून बसली होती. मी तिला ते सांगितलं.

"पोरांनाबी द्यायचे?" तिने विचारलं.

"लहान पोरांना नुसता लांब सदरा."

"खाली काय न्हाई?"

"नाही."

 मग ती म्हणाली, "त्यास्नी ते परत ठेवता येत हुतं का?"

"नाही, मावशी. त्यांना विकत घेतलेलं असे. नाही म्हटलं तर मारत."

"मला ठेवता आलं." हे ती मोठेपणाने म्हणाली नाही. आपल्या वाट्याला काय आलं ते नीट बघून घ्यावं, तशी म्हणाली. जरा वेळाने तिने विचारलं, "पळून जायचे का कुनी?"

"जायचे. लांब उत्तरेकडे. तिथे गुलामी नव्हती."

"पायी?"

"बहुतेक पायीच."

"मग काही जन तरी पोचले असतील," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन उठली.

पोर पुढे शिकली आणि लोणावळ्याच्या एका दवाखान्यात कामाला लागली. तिथला पांढरा पोशाख घेऊन ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा मी सुट्टीला म्हणून मुद्दाम आले होते. मावशीने तो पोशाख हातात घेतला. आता काय होणार ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"मागं पगार हाय, आये," पोरीने आधीच सांगून टाकलं. "आन नको वाटलं तर सोडून येईन."

"येशील?"

"येईन."

"मग घाल. बघू दे कशी दिसतीस."

या हिवाळ्यात मावशी गेली. मला निरोप उशिरा मिळाला. मी पोचले तेव्हा दिवसही होऊन गेले होते. तिचा फोटो कुणी कधी काढला नव्हता. तिचा आवाज माझ्या कानात अजून स्पष्ट आहे. चेहरा आठवायला मात्र आताच थोडं थांबावं लागतं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

वाडीवर घर आहे. मुलगी सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याहून येते, जमीन सारवते, चूल पेटवून चहा करते आणि शेजारणींशी बोलत बसते. परत केव्हा निघायचं ते तिचं ती ठरवते.