मुलीचे दहा महिने

मी माझ्या मुलीचं वय दहा महिन्यांनी वाढवलं.

त्यासाठी फार काही करावं लागलं नाही. साताऱ्याकडच्या डोंगरातल्या दोन-शिक्षकी शाळेत मी गुरुजी होतो. जनरल रजिस्टर माझ्याच कपाटात असायचं आणि पेन माझ्याच खिशाला. त्या काळी आमच्या भागातली निम्मी मुलं एक जूनला जन्मलेली असत. बायका ठरवून त्या दिवशी बाळंत होत असं नव्हे. पोर शाळेत घालताना आईबापांना तारीख आठवायची नाही आणि गुरुजी एक जून ठोकून मोकळे व्हायचे. माझ्या मुलीची तारीख मात्र मला पक्की ठाऊक होती. ती एप्रिलातली. पण त्या वर्षी पट एका मुलानं कमी पडत होता. पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाचं पद जाणार, आणि दुसरा शिक्षक मीच. बदली महाबळेश्वरच्या पलीकडं होणार असं कानावर आलं होतं, जिथं पावसाळ्यात माणूस चार महिने वाळत नाही. मी सव्वाचार वर्षांच्या पोरीला रजिस्टरात खऱ्या जन्माच्या आदल्या वर्षीच्या एक जूनला जन्माला घातलं, पाच पूर्ण केली आणि पहिलीत बसवली. बायकोला म्हटलं, "पोरगी हुशार आहे, घरी ठेवून काय करायची?" बायको खूश. पटही खूश.

हुशार पोरगी वर्गात काही टिकेना. पाढे म्हणताना खिडकीच्या गजांना लोंबकळायची, दुसऱ्याचं उत्तर मधेच ओरडून सांगायची, रोज एक पेन्सिल हरवून यायची. "एवढी मोठी घोडी झालीस, एका जागी बसता येत नाही?" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हटलं असेन, सांगता येत नाही. तिसरीत गेल्यावर तिला सांगलीच्या एका लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी दोन फॉर्म दिले, एक पालकांसाठी आणि एक वर्गशिक्षकासाठी. दोन्ही मीच भरले. गुरुजी म्हणून जरा जास्तच कडक भरला. अतिचंचलतेचं निदान झालं, गोळी सुरू झाली. ती सांगलीत मिळत नसे, मेहुणा पुण्याहून आणायचा. पोरगी ओळीत लिहू लागली. डबा मात्र तसाच परत यायचा. मी डब्याकडं न बघता वहीचं कौतुक गावभर करत सुटलो.

चौथीच्या दिवाळीआधी बायकोच्या लक्षात आलं की पोरीत वयात यायची लक्षणं दिसतायत. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी निकालच देऊन टाकला. "आवं, त्या गोळीनंच पोरगी उफाडली. तुमी शिकल्यालं म्हून आमी भरवसा ठेवला!"

लग्नानंतर पहिल्यांदाच मला सासूबाईंचं पटलं. डॉक्टरांनी आपल्याला फसवलं! धाकट्याला कांजिण्या आल्या होत्या म्हणून बायको घरी राहिली. मी पोरीला घेऊन सांगलीच्या गाडीत बसलो आणि कराडपासून इस्लामपूरपर्यंत मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंना झापत गेलो.

बाईंनी पडद्याआड नर्सला घेऊन पोरीला तपासलं, मनगटाचा एक्स-रे काढायला लावला. मग म्हणाल्या, "गोळीनं असं होतं म्हणायला माझ्याकडं काही आधार नाही. हाडं मात्र वयाच्या पुढं गेलीत. कागदावर सव्वाआठ झालीत, म्हणजे काठावर आहे. सहा महिने थांबून बघू. आठच्या आत वयात येणं आजारात धरतात, तेवढी असती तर आजच पुण्याला तज्ज्ञांकडं पाठवली असती."

कागदावरची तारीख मीच शाळेच्या दाखल्यावरून लिहिली होती. खरी सांगावी तर रजिस्टर उघडं पडणार, नोकरीवर येणार. मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत राहिलो.

स्टुलावर पाय हलवत बसलेली पोरगी म्हणाली, "पण मी साडेसातची हाय. माझा वाढदिवस एप्रिलात असतो. एक जूनचा शाळेतला हाय."

मी हसलो. "असल्या चंचल मुलांचं तुम्हाला ठाऊकच आहे, डॉक्टर. तारखा-बिरखा डोक्यात राहत नाहीत."

तिचे पाय थांबले. तीन वर्षं ओरडून आणि वर्षभर गोळी देऊन जे मला जमलं नव्हतं, ते त्या एका वाक्यानं झालं. हात मांडीवर ठेवून ती गप्प बसली आणि माझ्याकडं बघत राहिली. वाण्यानं उघड उघड काटा मारला की गिऱ्हाईक बघतं, तशी.

बाईंनी सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली. मी कागद घेतला, दारापर्यंत गेलो, एक चप्पल पायात घातली. दुसरी काही सापडेना, म्हणजे समोरच होती, पण दिसेना. परत आत आलो.

"डॉक्टर, ती खरं बोलतेय."

सगळं सांगितलं. पट, बदली, एक जून. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शाळेचा फॉर्म कुणी भरला होता?"

"मीच."

"आणि पालकांचा?"

"तोही मीच."

"म्हणजे तुम्ही सहा वर्षांच्या पोरीला सात-आठ वर्षांच्या मुलांत बसवलंत, आणि ती त्यांच्यासारखी बसत नाही म्हणून माझ्याकडं आणलीत. मीही तुमच्या कागदावर विश्वास ठेवून गोळी लिहिली." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं वाटलं असतं. "ती गोळी हवी होती का, हे आता नव्यानं बघावं लागेल. आणि पुण्याला ह्याच आठवड्यात जायचं. सहा महिने थांबलो असतो आपण, गुरुजी. समजतंय का?"

समजत होतं. फसवणूक झाल्याची तक्रार घेऊन मीच आलो होतो, आणि त्या खोलीत फसवला न गेलेला माणूस मी एकटाच होतो.

बाईंनी नवा केसपेपर काढला आणि पोरीकडं वळल्या. "बाळ, तुझी जन्मतारीख सांग बघू."

सवयीनं मी तोंड उघडलं. पोरीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, आधी आण्णांना भाईर बसवा की. त्ये लय खोटं बोलत्यात."