इतवारीचे वायपर

इतवारी रामटेके चंद्रपूरच्या एसटी डेपोत अकरा वर्षं होता. आधी हेल्पर, मग फिटर. बंद पडलेल्या बसच्या इंजिनाला कान लावून तो डोळे मिटायचा आणि तिचं दुखणं सांगायचा, अशी त्याची डेपोत ख्याती होती. चौऱ्याऐंशी साली त्याने ही पक्की नोकरी सोडली आणि मोहबोडीच्या धरणावर लाँच चालवायला आला. पगार कमी, क्वार्टर नाही, नोकरी वर्षावर्षाने वाढणारी. त्याची बायको कमळा आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिने कारण विचारलं. पाण्याजवळ राहावंसं वाटते, एवढंच तो म्हणाला.

खरं म्हणजे त्या पाण्याखाली त्याचं गाव होतं. एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात धरण भरलं आणि जुनी मोहबोडी बुडाली. लोक आधीच पाच मैलांवरच्या नव्या मोहबोडीत गेले होते. काही शेवटच्या दिवसापर्यंत थांबले. इतवारी त्या दिवशी डेपोत एका बसखाली पाठीवर झोपून गिअरबॉक्स उतरवत होता. निरोप पोचला तो तिसऱ्या दिवशी. तो आला तेव्हा गावाच्या जागी नुसतं आभाळ पसरलं होतं. काठावर उभं राहून पाहिलं की खाली ढग, वर ढग, आणि मधे कुठे टेकवावी नजर ते कळत नव्हतं. त्याची आई गिरजाबाई शेवटपर्यंत थांबलेल्यांतली. त्या दिवशी काय झालं, हे तिला त्याने एकदाच विचारलं. "काय सांगाचं त्यात," म्हणून तिने ताट पुढे सरकवलं. दोन वर्षांनी ती वारली. 

लाँचचं नाव 'सारस'. ती समुद्रावरची जुनी बोट, लिलावात घेऊन ट्रकवर चढवून आणलेली. वीस माणसांची बसायची सोय, वर पांढरं छत, पुढे चालकाची छोटी केबिन आणि केबिनला दोन मोठ्या काचा. दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूरची, गडचांदूरची मंडळी डबे घेऊन यायची आणि तासभर पाण्यावर फिरायची. त्या फिरण्याला काही अर्थ नव्हता आणि त्यामुळेच ते लोकांना आवडायचं. इंजिनाच्या धडधडीत बोलणं बुडून जायचं, मुलं हात पाण्यात सोडायची, बायकांचे डोळे जड व्हायचे.

त्या दोन काचांवर दोन वायपर होते आणि दोन्ही मेलेले होते. पाटबंधारे खात्याच्या साहेबाने सांगितलं, राहू दे, पावसाळ्यात कोण येते फिरायले. पण इतवारीला मशीनचा एखादा भाग मेलेला पाहवत नसे. पहिल्या उन्हाळ्यात पर्यटक थांबले आणि तो वायपरांच्या मागे लागला.

त्याने बटण दाबलं आणि ऐकलं. मोटर बारीक गुणगुणत होती, पण वायपरचे हात हलत नव्हते. गुणगुण आहे म्हणजे करंट पोचतो. मग अडकलं आहे ते पुढे. त्याने दोन्ही वायपरांना जोडणारी आडवी दांडी मोकळी केली. वायपर ज्या खुंट्यांवर फिरतात त्या समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गंजून जाम झाल्या होत्या. चार दिवस त्याने रोज सकाळी त्यांच्या बुडाशी रॉकेलचे थेंब सोडले आणि संध्याकाळी हळूच हलवून पाहिलं. पाचव्या दिवशी एक सुटली, सातव्या दिवशी दुसरी. मग ग्रीस भरलं. तारांच्या टोकांवर हिरवा थर चढला होता, तो कमळाकडून चिंच मागून घेऊन, पितळेची भांडी घासावी तसा घासला आणि वरून व्हॅसलीन लावलं.

वायपर फिरू लागले, पण काच साफ होईना. फराटे उठायचे आणि रबर थडथड उड्या मारायचं. त्याने आधी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून लावल्या. त्या मऊ होत्या, पण त्यांना धार नव्हती. शेवटी डेपोतल्या जुन्या दोस्ताकडून बसचं वायपर-रबर मागवलं आणि ब्लेडने मापात कापलं. थडथड तरी राहिलीच. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वायपरचा हातच जरासा पिळलेला आहे; रबर काचेवर सरळ उभं राहत नाही, एका बाजूला कलतं आणि परतताना पलटत नाही. पकडीने त्याने तो हात केसभर उलटा पिळला. मग राखेने आणि ओल्या वर्तमानपत्राने काचेवरचा धुराचा तेलकट पापुद्रा काढला, बादलीभर पाणी ओतलं आणि बटण दाबलं. रबर आवाज न करता एकदा गेलं, एकदा आलं, आणि काचेत पलीकडचा डोंगर इतका जवळ आला की इतवारी क्षणभर मागे सरकला.

तेव्हापासून त्याचा नेम ठरला. कोरड्या काचेवर वायपर चालवायचा नाही. दर आठवड्याला ओल्या फडक्याने रबराची धार पुसायची. उन्हाळ्यात रबर काचेला चिकटू नये म्हणून वायपरच्या हाताखाली कडुनिंबाची काडी अडकवायची. "पोरींच्या नाकापेक्षा त्या काचाच जास्त पुसते हा माणूस," असं कमळा शेजारणीला सांगायची. इतवारी हसायचा. खरं तर काच पुसताना तो पाण्याकडेच पाहत असायचा. कधीकधी, पाणी फार निवळ असलं की, खाली काहीतरी सावलीसारखं सरकायचं. एखाद्या भिंतीचा कोपरा असेल, नाहीतर मासळीचा थवा.

शहाऐंशीच्या भादव्यातली गोष्ट. पावसाळ्यात लाँच आठवड्यातून एकदा, शनिवारी, पलीकडच्या काठावर जायची. तिथे धरणाच्या दरवाज्यांच्या चौकीवर लालसू नावाचा पहारेकरी राहायचा, त्याचं रेशन आणि टपाल पोचवायला. त्या शनिवारी जेटीवर सुकरीबाई बसलेली होती. जुन्या मोहबोडीच्या गोंडटोल्यातली, म्हणजे गोंडांच्या वस्तीतली, म्हातारी, सत्तरीच्या पलीकडची, हातात बांबूची टोपली. तिची लेक पलीकडच्या गावात दिली होती. रस्त्याने जायचं तर नाल्याला पूर. इतवारीने तिला हात धरून चढवलं आणि केबिनमध्ये आपल्यामागच्या बाकावर बसवलं. आभाळ करडं होतं, पण थांबलेलं.

निम्म्या वाटेवर पाऊस आला. आधी डोंगर गेला, मग काठ गेला, मग पाणी आणि पाऊस यांच्यातला फरकही गेला. इतवारीने बटण दाबलं. वायपर पाचसात मिनिटं चालले आणि काचेच्या मधोमध येऊन थांबले.

त्याने कान दिला. गुणगुण नव्हती. म्हणजे या वेळी करंटच तुटला. त्याने फ्यूज काढून पाहिला, तार शाबूत. मोटरला हात लावला, तापलेली नव्हती. आता तारा शोधत बसायचं तर तेवढी उसंत नव्हती. वारा लाँचला डावीकडे रेटत होता आणि डावीकडे मोहाच्या झाडांची जुनी रांग होती. झाडं केव्हाची वाळली होती, पण त्यांचे जाड शेंडे पाण्याखाली हातभर खोल उभेच होते, बोटीचं पोट फाडायला पुरेसे. नांगर टाकावा तर तो खालच्या फांद्यांत अडकून बसेल. खिडकीतून डोकं काढलं तर डोळ्यांत सुया टोचल्यासारखा पाऊस.

इतवारीने इंजिन अगदी हळू ठेवलं. पान्याने खिटी काढून आडवी दांडी मोटरपासून सुटी केली, म्हणजे मोटर वायपरला धरून ठेवणार नाही. पुढच्या डेकवर जाऊन त्याने रेशनच्या पोत्याची सुतळी वायपरच्या हाताला बांधली आणि तिची दोन टोकं दोन बाजूंच्या खिडक्यांतून आत घेतली. आत आला तेव्हा तो नखशिखांत भिजला होता. त्याने दोन्ही टोकं सुकरीबाईच्या हातात दिली.

"बाई, एकदा इकडून ओढाचं, एकदा तिकडून. थांबाचं नाई."

सुकरीबाईने सुतळ्या ओढून पाहिल्या. दोन्ही वायपर एका बाजूला गेले, मग दुसऱ्या.

"पाळणाच हाये हा," ती म्हणाली. "चाल तू."

आणि ती ओढू लागली. डावा हात, उजवा हात. काचेत एक पंख्याएवढी जागा उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. त्या उघडलेल्या जागेत कधी डोंगराची खाच दिसायची, कधी नुसता पांढरा पडदा. थोड्या वेळाने म्हातारी गुणगुणू लागली. गोंडीतलं काहीतरी, लेकरं झोपवायचं. इतवारीला शब्द कळत नव्हते, पण त्या तालावर त्याचे हात चाकावर सैल झाले. पाऊस, इंजिन, सुतळीची करकर आणि तो सूर, सगळं एकमेकांत मिसळलं. आपण बोट चालवतो आहोत की कुणीतरी आपल्याला झुलवतं आहे, हे त्याला काही वेळ उमगेना.

मग सूर थांबला, हात थांबले नाहीत.

"ते खाच दिसली न डोंगराची," सुकरीबाई म्हणाली, "ते नाकासमोर ठेव. आपुन आता टोल्यावर आलो. इथी आमचं साजाचं झाड होतं, देवाचं. मोहाची रांग तुह्या डाव्या हातानं राह्यली."

इतवारीने खाच नाकासमोर धरली. म्हातारी बोलत राहिली, दर ओढीला एखादं घर. इथे बापूरावचा गोठा. इथे विहीर, तिच्यात दोर तुटून बादली पडली ती तशीच आहे. इथून वाट वळते. तिने एकदाही खाली पाहिलं नाही. ती डोंगराकडे पाहून गाव चालत होती, जशी सरपण घेऊन घरी येताना चालली असेल.  पुढचं घर कोणाचं ते इतवारीला ठाऊक होतं.

"आन् हे तुमचं," ती म्हणाली.

त्याने इंजिन आणखी हळू केलं. लाँच जवळजवळ तरंगतच होती. मग त्याने, मागे न वळता, ते विचारलं जे आईला एकदाच विचारलं होतं. त्या दिवशी माही माय काय करत होती?

सुकरीबाईने दोनतीन ओढी घेतल्या. मग सांगितलं. पाणी पांदणीच्या वाटेत शिरलं होतं. लोकांच्या बैलगाड्या भरून उभ्या, पोरं वर बसलेली. सगळे गिरजाबाईला हाका मारत होते आणि ती अंगण सारवत होती. पूर्ण अंगण, चुलीपासून फाटकापर्यंत, शेणाने, हात फिरवून फिरवून. गावातला हरिदास चिडून तिला म्हणाला, बाई, कोणासाठी सारवून राह्यली, तासाभरात पाणी येते इथी. तिने मान वर केली नाही.

"मंग काय म्हणली ते?"

"म्हणली, उष्टं-पाष्टं, कचरा तसाच ठिवून घर सोपवाचं नाई कोणाले. मंग हात धुतले तिनं. त्याच पाण्यात धुतले, जे येऊन राह्यलं होतं. आन् गाडीवर बसली. वळून नाई पाह्यलं."

काच उघडली, मिटली. इतवारीच्या तोंडावर डेकवरचं पावसाचं पाणी अजून ओघळत होतं, त्यामुळे त्याला ते पुसावं लागलं नाही. त्याच्या मनात इतकी वर्षं त्या दिवसाचं चित्र म्हणजे पळापळ, रडारड, आणि तिच्यात एकटी पडलेली आई. आता खाली, सातआठ पुरुष खोल, एक ओलं हिरवट अंगण होतं, त्याच्यावर बोटांच्या कमानी उमटलेल्या, आणि पाणी त्याच्यावरून अगदी हळू चढत होतं.

पलीकडे पोचायला त्यांना पाऊण तास लागला. लालसू गोणपाट डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने दोर झेलला. सुकरीबाईचे तळवे सुतळीने लाल झाले होते. इतवारीने ते आपल्या हातात घेतले, तर ती म्हणाली, लेकीकडे तेल आहे, आणि टोपली उचलून चिखलातून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि त्याने बिघाड शोधला. बसमध्ये करंटची परतवाट बसच्या लोखंडी अंगातूनच जाते. सारस होती फायबरची; तिला परतीची वेगळी तार लागते, बॅटरीपर्यंत. ती तार चाकाखालच्या पेटीत, नटाजवळ, आतून सडून राखाडी भुकटी झाली होती. वरून आवरण तसंच चकचकीत. त्याने ती पूर्ण बदलली, आणि बसवर शिकलेलं बोटीवर तसंच्या तसं चालत नाही, असं कमळाला सांगितलं. मग आईच्या अंगणाचंही सांगितलं. कमळा भाकऱ्या थापायची थांबली. 

त्या हिवाळ्यात नव्या मोहबोडीत बोलणं पसरलं की सुकरीला पाण्यावरून घरं सांगता येतात. इतवारीने साहेबाला विचारलं. पर्यटक यायच्या आधी, सकाळच्या पहिल्या फेरीला गावचे लोक नेले तर चालेल का? साहेबाने डिझेलचं तेवढं विचारलं आणि हो म्हटलं. मग दर शनिवारी पाचसहा जण यायचे. सुकरीबाई केबिनमध्ये उभी राहून जागा दाखवायची, इतवारी इंजिन बंद करायचा. पाण्यालगत धुकं असायचं, वर डोंगराची खाच दिसायची. लोक कठड्याला टेकून पाण्याकडे पाहायचे. कोणी काही टाकायचं, मूठभर तांदूळ, झेंडूचं फूल. बहुतेक जण नुसते पाहायचे.

हरिदास पहिल्यांदा आला तेव्हा जेटीपासूनच बोलत होता. मोबदला कसा अर्धाच मिळाला, कोण कोण फसवून गेलं. त्याच्या घराची जागा आली, इंजिन थांबलं, आणि तो मधल्या शब्दावरच गप्प झाला.  उतरताना त्याने इतवारीला विचारलं, पुढच्या शनिवारी जागा राहील का. इतवारी हो म्हणाला. पुढच्या शनिवारी हरिदास आला, सोबत त्याची बायको रुखमा होती, नवीन लुगडं नेसलेली, आणि त्याने तिला त्यांच्या घराची जागा येते त्या बाजूला, कठड्यालगत बसवलं.