बदलीला कायम करा

अन्याय झाला तो लालबागच्या एका बदली कामगाराच्या विधवेवर. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज घ्यायच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, दुपारी साडेबाराला, परळमधल्या आमच्याच कामगार संघटनेच्या कार्यालयात. करणारा मी.

संपाला वर्षं लोटली होती, गिरण्यांच्या जागी टॉवर उभे होते. जुन्या हजेरीपटांतून कामगारांची नावं शोधायला आम्ही काही जणांनी एक मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं. कुणीही उघडावं, सुधारावं, वापरावं. त्याच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी चालायच्या. कार्यालयातली, भरवशाची, ती 'कायम'. माझ्या लॅपटॉपवरची, नव्या प्रयोगांची, ती 'बदली'. शब्द गिरणीतलेच. बदली कामगार म्हणजे रोज गेटवर उभा राहणारा, कुणी गैरहजर असला तरच आत जाणारा. या नावांवर आम्ही हसायचो.

हजेरीपटात बदली कामगाराच्या नंबराआधी 'ब' असायचा. 'कायम'ला तो कळत नव्हता, ती ते नाव सोडून पुढे जायची. ही चूक मला सापडली होती. 'बदली'त दोन ओळींत दुरुस्तही केली होती. त्याच दोन ओळी 'कायम'मध्ये न्यायच्या राहिल्या.

"काय रे, टाकतोस ना?" सॉफ्टवेअर लिहिणारा एक सोबती विचारायचा.

"थांब ना यार. नवीन आवृत्ती येतेच आहे, सगळं एकदम देऊ."

आणि मी बसलो होतो बटणांचे रंग ठरवत.

शनिवारी टेबलावरच्या कार्यकर्त्याने 'कायम'मध्ये शोधलं नि तिला सांगितलं, "मावशी, नोंद नाही." ती गेली. एक वाजता अर्जांची खिडकी बंद झाली, ती परत उघडलीच नाही.

सोमवारी ती नवऱ्याचा गिरणीतला फोटोचा पास घेऊन पुन्हा आली. मी माझ्या लॅपटॉपवर, 'बदली'त, पासवरचा नंबर टाकला. नाव लगेच आलं. तिने त्यावर बोट टेकवलं.

"म्हणजे झिला, तुझ्या मशिनीत हे आसत, नि तेंच्या मशिनीत नाय?"

त्या दोन ओळी मी त्याच दिवशी टाकल्या. पाच मिनिटं लागली. पासवरचा तो तरुण चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. लॅपटॉप उघडला की तो गेटवर उभा असतो, आपल्या नावाचा पुकारा ऐकायला. आणि 'बदलीला कायम करा' हे संघटनेच्या पत्रकांत लिहिणाराही मीच.

तुम्ही सॉफ्टवेअर सांभाळत असाल, तर तुमच्याकडेही अशी एखादी दुरुस्ती पडून आहे. नव्या आवृत्तीची सबब सांगू नका. लोकांच्या हातात जी आवृत्ती आहे, तिच्यात ती आज टाका.