खेचर बसलं ती टेकडी

अमेरिकेत, अल्फारेटा शहरातल्या आमच्या वसाहतीला इंग्लंडमधल्या कुठल्याशा टेकडीचं नाव आहे. बिल्डरला ते भारदस्त वाटलं असावं. दारातल्या दगडी पाटीवर ते कोरलंय आणि नऊ वर्षं मी त्या पाटीसमोरून नुसती गाडी दामटत होते.

बाबांनी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं, "हे तिकडचं नाव झालं. इथलं काय?"

त्यांचा उभा जन्म जमीनमोजणीच्या खात्यात गेलेला. गावाकडच्या चढाउतारांची नावं त्यांना तोंडपाठ. आई गेल्यावर मी त्यांना हट्टाने सहा महिन्यांसाठी आणलं होतं, आणि तिसऱ्याच आठवड्यात ते म्हणू लागले, "तिकीट अलीकडचं कर. इथे माझं काही नाही." मला ते फार लागलं.

त्याच आठवड्यात ऑफिसातून येताना पाहते, तर चढावरच्या एका घरापुढे बाबा वही घेऊन उभे. मी काच खाली करून तिथेच तोंड सोडलं. "बाबा, असं कुणाच्याही ड्राइव्हवेत जायचं नसतं! कोणी पोलिसांना कॉल केला म्हणजे?" ते वही मिटून गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या आजीबाई स्वतःच आमच्याकडे आल्या. बाबांनी त्यांना टेकडीचं जुनं नाव विचारलं होतं आणि माझ्या आरडाओरड्यात उत्तर अर्धवट राहिलं होतं. इथे त्यांच्या आजोबांचं कापसाचं शेत होतं. एकदा त्यांचं खेचर भर चढावर बसलं ते दिवसभर उठलंच नाही. तेव्हापासून लोक म्हणायचे, खेचर बसलं ती टेकडी. बाबा पोट धरून हसले. आई गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

मग ते रोज पावलांनी टेकडी मोजत हिंडू लागले. तिकिटाचं मात्र काही बोलेनात. शेवटी शनिवारी मीच जड मनाने ते बदलायला बसले. त्यांनी हाताने काढलेला नकाशा माझ्यापुढे ठेवला. कापसाचं शेत, बुजवलेली विहीर, खेचराची जागा. आणि चढाच्या मध्यावर, पेन्सिलीने: 'लेक रागावली ती जागा'.

"हेही लिहिलंत?"

"घडतं तसं नाव पडतं," ते म्हणाले. "पलीकडचा उतार राहिलाय अजून. तिकीट राहू दे."

माझे डोळे भरून आले. "बाबा, चुकलं माझं त्या दिवशी."

त्यांनी खोडरबर उचललं. "खोडू मग?"

"नको," मी म्हणाले. "राहू दे."