दारं धरणारा माणूस

मुंबईला विद्यापीठात मी समाजशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा गुन्हेगारीवरचा पेपर कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्याकडे आला. वर्गात मोजकी मुलं. पुस्तकं सगळी विलायतेची, त्यांतले चोर आणि खुनीही विलायतेचेच. माझे प्राध्यापक म्हणाले, "तुमच्या भागातली माणसं बघा. शिक्षा भोगून गावी परतलेल्यांचं पुढे काय होतं, यावर प्रबंध करा." वडील बारामतीच्या कोर्टात नाझर होते. कोण सुटून कुठल्या गावी आलंय, हे त्यांच्याकडून सहज कळे. मग दर सुट्टीत मी दौंडला गाडी बदलून छोट्या गाडीनं बारामतीला उतरायचो आणि पुढं मिळेल त्या वाहनानं गावं पालथी घालायचो. तीस सालानंतरची ती चार-पाच वर्षं अशीच गेली.

या कामाचा शीण फार लवकर आला. माणसं खोटं बोलत असं नाही, मला काय हवंय ते ओळखून बोलत. कोऱ्हाळ्याचा एकजण म्हणाला, "रागाच्या भरात झालं, साहेब." निरवांगीच्या दुसऱ्यानं हेच शब्द जसेच्या तसे म्हटले. दोघांच्याही वकिलांनी ते कधीकाळी पढवले असणार. ऊन, धूळ, गुळाचा चहा आणि तेच उत्तर. परतताना वाटे, हा प्रबंध बसल्या जागीही लिहिता आला असता.

अंथुर्ण्याच्या तात्यांकडे गेलो तो असाच, नाइलाजानं. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण होऊन त्यांनी शेजारच्या रानवाल्याच्या डोक्यात फावडं घातलं होतं. येरवड्याला बरीच वर्षं काढून ते परत आले होते. तोवर बायको माहेरी निघून गेली होती. मी गेलो तेव्हा ते वांग्याच्या रानात पाण्याची दारं धरत होते. एका सरीचं तोंड मातीनं बुजवून दुसरीचं मोडत होते.

"वांगी चांगली आलीत तुमची," मी म्हणालो.

"माझी न्हाईत. त्याची हायेत."

"कुणाची?"

"ज्याला मारला त्याची."

ते पुन्हा वाकून कामाला लागले. का करता हे, म्हणून मी खूप वेळ विचारलं. शेवटी म्हणाले, "त्याच्या बायकोची पाण्याची पाळी असती. धरायला माणूस नसला की पाणी वाया जातं."

मेलेल्या माणसाची विधवा त्याच रानात खोपटात राहायची. पहिल्या दोन खेपांना ती माझ्याशी बोललीच नाही. तिसऱ्या खेपेला मी काही न विचारता सावलीत बसून राहिलो. खरं तर विचारायचं त्राणच नव्हतं. तेव्हा मिरच्या निवडता निवडता तिनंच सुरुवात केली.

"मालक गेले आन् दीर येगळं झालं. गडी टिकंना. एका उन्हाळ्यात सगळं रान वाळून गेलं. मग ह्यो सुटून आला आन् न इचारता पाणी धराय लागला. मी बांधावर हुबी ऱ्हाऊन लई शिव्या दिल्या. ऐकून घेतल्या आन् धरतच ऱ्हायला. आता रानात आल्यालं पाणी मी काय माघारी धाडू?"

"मग तुम्ही त्याला माफ केलंत, मावशी?"

तिनं हात थांबवला. "तसं लिवू नका, मास्तर. तेच हात रोज बघती मी. अजून त्याला तांब्याभर पाणीबी दिल्यालं न्हाय."

मुंबईला प्राध्यापकांनी हे वाचलं. "याला पश्चात्ताप म्हणायचं का? तसं असेल तर त्याच्या तोंडचं काहीतरी हवं. नाहीतर हे प्रकरण गाळा." म्हणून मे महिन्यात पुन्हा अंथुर्णे.

तात्या तापानं फणफणले होते. अंथरुणावरून उठवत नव्हतं, बोलण्यात मेळ नव्हता. बारामतीच्या सरकारी दवाखान्यात हलवायला हवं होतं, पण खुन्यासाठी गाडी जुंपायला गावात कुणी तयार होईना. मी दारोदार हिंडून दमलो आणि बांधावर येऊन बसलो. थोड्या वेळानं पाहिलं तर ती बाई स्वतःची बैलं गाडीला जुंपत होती.

"तुमी मागं बसा. त्याला धरून ऱ्हावा," ती म्हणाली. "गाडी मी हाकती."

सबंध वाट तिची आमच्याकडे पाठ होती. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. तात्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ते कण्हत होते. दुपारी एका लिंबाखाली बैलं सोडली, तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. ती पाटातून तांब्या भरून आली. जरा वेळ तशीच उभी राहिली आणि मग तांब्या माझ्या हातात दिला. मी त्यांना पाजलं. ती बैलांकडे बघत होती.

दवाखान्याच्या पायरीशी त्यांना उतरवल्यावर मी तिला घरी जेवून जा म्हटलं. ती म्हणाली, "नगं. पाळी यायची हाय. आता दारं मलाच धरावी लागत्याल." आणि गाडी वळवली.

तात्या त्या तापातून उठले, पण अंगात जोर राहिला नाही. त्यांनी आणखी एक वर्ष तिचं पाणी धरलं आणि थंडीत गेले. बाईनं रान वाट्यानं दिलं आणि ती इंदापूरला लेकीकडे राहायला गेली, असं वडिलांच्या बोलण्यात आलं. मी नंतर तिला भेटलो नाही. प्रबंधात ही हकीकत राहिली, पण मुख्य प्रकरणांत नव्हे. शेवटी जोडलेल्या टिपणांत, बारीक टाइपात. प्रबंध मान्य झाला. परीक्षकांनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

वर्गात मात्र मी ते दरवर्षी सांगायचो. एका मुलानं विचारलं, "सर, पण याला नेमकं काय म्हणायचं?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्यानं टाक खाली ठेवला. त्याच्या शेजारच्यानंही. परीक्षेत हे येणार नव्हतं. बाहेर ऊन होतं, तास संपायला अजून अवकाश होता. मी पुस्तक उघडलं आणि विलायतेतल्या तुरुंगांबद्दल पुढं सांगू लागलो.