डब्यात गेलेला महिना

काटासाहेबांना माणसांचा तिटकारा होता, आणि तो त्यांनी कष्टानं कमावला होता. चौतीस वर्षं ते वजनमापं तपासत हिंडले. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक ओढून काढायचं, आतून पोकरलेलं वजन उलटं करून दाखवायचं, शून्यावर न थांबणाऱ्या काट्याला सील ठोकायचं, हे त्यांचं रोजचं काम. ते पायरीवर दिसले की दुकानातल्या गप्पा बंद पडायच्या. 'काटा' हे नाव दुकानदारांनी ठेवलं आणि भीतीपोटी 'साहेब'ही त्यांनीच जोडलं. नोकरी संपल्यावर भीती गेली, नाव तेवढं राहिलं.

त्यानंतर त्यांच्याशी आपणहून बोलणारी माणसं दोनच उरली. एक बायको, आणि दुसरा दातांचा डॉक्टर, तोही यांना तोंड उघडं ठेवायला सांगून बोलणारा. त्याच डॉक्टरकडे बसून राहायची पाळी आली असताना एका फाटक्या मासिकात त्यांनी हौशी रेडिओवाल्यांबद्दल वाचलं. ही माणसं घरच्या घरी यंत्र जोडतात, परीक्षा देऊन परवाना काढतात आणि कधी न बघितलेल्या माणसांशी हवेतून गप्पा मारतात. काटासाहेबांनी ते पान तीनदा वाचलं. त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण खरं असं होतं, की समोरच्यानं न घाबरता, न ओशाळता आपल्याशी चार शब्द बोलावेत याची त्यांना अक्षरशः भूक लागली होती.

वर्षभर अभ्यास करून ते परीक्षा पास झाले. परवाना आला. आतल्या खोलीतलं शिलाईमशीन बायकोनं कुरकुर न करता बाहेर काढलं, आणि तिथं टेबल पडलं. ऐकायचा रिसीव्हर जुना, एका म्हाताऱ्या शौकिनाकडून आणलेला; त्याची छोटी तार खिडकीतच होती. बोलायचा ट्रान्समीटर मात्र साहेबांनी स्वतः जोडला, आणि त्याची लांब तार गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची होती. त्यासाठी इमारतीच्या समितीची परवानगी लागणार होती. समितीच्या सचिवानं कान खाजवत सांगितलं, "एक महिना लावून बघा. लिफ्टपाशी वही ठेवतो, कुणाची तक्रार असेल तर लिहील. महिन्यानं बैठकीत ठरवू, राहू द्यायची की काढायची."

रेडिओवाल्यांची एक चांगली रीत असते. यंत्र तपासताना ते आवाज हवेत सोडत नाहीत, उगाच दुसऱ्याच्या बोलण्यात लुडबुड नको म्हणून. तेलानं भरलेल्या एका बंद डब्यात एक जाडजूड रोधक बुडवलेला असतो. ट्रान्समीटर त्या डब्याला जोडला की सगळी शक्ती तेल तापवण्यात जिरते, बाहेर काही जात नाही. साहेबांनी असा डबा बनवला, ट्रान्समीटरवर एक फिरतं बटण बसवलं आणि त्याच्या दोन बाजूंना आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'डबा' आणि 'तार'. चाचण्या यथासांग झाल्या. मग गच्चीवर तार चढायच्या आदल्या दिवशी त्यांना पत्र्याचा रंग बरा दिसेना, म्हणून त्यांनी बटण उपसून पुढची बाजू करड्या रंगानं रंगवली, अक्षरं पुन्हा काढली आणि बटण परत बसवलं.

दुसऱ्या दिवशी तार चढली. साहेबांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला, बटण 'तार'वर फिरवलं आणि माइक तोंडाशी धरून हाक दिली. यंत्र तारेशी किती जुळलं हे दाखवणाऱ्या मापकाचा काटा इतका सुरेख जागेवर उभा राहिला, की त्यांचं मन भरून आलं. यंत्र आणि तार यांचा एवढा चोख मेळ पुस्तकातसुद्धा नसतो.

उत्तर मात्र आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. रोज सकाळी दहा ते बारा साहेब गळा ताणून हाका मारत होते आणि रिसीव्हरमधून जगभरची माणसं एकमेकांशी खुशाल बोलत होती. एक जण गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगत होता. दुसरा कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवांबद्दल. साहेब मध्येच सभ्यपणे परवान्यावरचं आपलं खूणनाव सांगत, थांबत, पुन्हा सांगत. पलीकडे पिसवा चालूच.

"इथंही तेच," ते बायकोला म्हणाले. "कंपू करून बसलेत लेकाचे. नवा माणूस आला की बहिरे होतात."

"ऐकू जात नसेल हो त्यांना," बायको म्हणाली.

"काटा बघितलास का माझा? कसा उभा आहे बघ! ऐकू जात नाही म्हणे."

इकडे लिफ्टपाशी ठेवलेली वही भरत होती. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शाळाबाईंनी लिहिलं होतं, की तार आल्यापासून रोज दहा ते बारा त्यांचं डोकं घणाणतं. सचिवाच्या टीव्हीवर पट्टे येत होते. कुणाच्या कुंडीतलं झाड माना टाकत होतं, कुणाची लिफ्ट अडकत होती, आणि एका गृहस्थानं तर आपल्या मुलीच्या गणितातल्या गुणांचा संबंध तारेशी लावला होता. साहेब रोज खाली उतरून ते वाचत. चौतीस वर्षं खोट्या मापांत गेली, पण इतका उघडा खोटेपणा बाजारातही नव्हता. शेवटी संतापाच्या भरात त्यांनी त्याच वहीत लिहिलं: 'माझी तार कुणीतरी द्वेषानं तोडत किंवा बिघडवत असल्याचा मला दाट संशय आहे. ज्यांना रोज दहा ते बारा गच्चीकडे लक्ष ठेवायला वेळ असतो, त्यांनी मनाशी विचार करावा.' नाव घातलं नाही, पण शाळाबाईंनी त्या दिवसापासून जिन्यात त्यांच्याकडे पाठ फिरवली.

बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बारा वाजता साहेब माइक ठेवून उठले तर बायको मोजे घेऊन आत आली आणि ते तिनं तेलाच्या डब्यावर पसरले.

"हे काय चाललंय?"

"वाळवतेय. महिनाभर इथंच तर वाळवते. तुमचं बोलणं झालं की चांगला ऊबदार असतो हा डबा."

साहेबांनी मोजे बाजूला केले आणि डब्यावर हात ठेवला. मग खुर्चीत बसले, पेचकस घेतला, बटणाच्या बुडाचा स्क्रू बघितला आणि तसाच ठेवून दिला. बटण उलटं बसलं होतं. खूण 'तार' दाखवत होती आणि आतली जोडणी डब्याशी होती. तो सुरेख काटा म्हणूनच सुरेख होता; डब्याशी मेळ चोखच असणार, त्यासाठीच तर तो बनवलेला. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे पकडले, त्याच्या टेबलावर महिनाभर खोटा काटा उभा होता आणि तो माणूस त्याच्यावर खूश होऊन इस्त्रीचे शर्ट घालत होता. साहेबांना स्वतःची एवढी किळस आली, की त्यांनी उठून चूळ भरली.

"मग फिरवा की ते बटण," बायको म्हणाली. "बोला आत्ता."

"नाही. उद्या बैठक आहे." त्यांनी कागदाची पट्टी कापली, बटणावरून चिकटवली आणि तिच्यावर तारीख घालून सही केली. पुरावा हलवायचा नाही, ही हाडात मुरलेली सवय. "महिनाभर या घरातून हवेत काहीही गेलेलं नाही. कण नाही. म्हणजे त्या वहीतलं एकूण एक पान खोटं आहे. उद्या सगळ्यांसमोर सांगणार."

"स्वतःची फजिती सांगणार?"

"सांगणार."

बायकोनं मोजे गोळा केले. "मोज्यांचं मात्र सांगू नका," ती म्हणाली.

रविवारी सकाळी खाली गाड्या लावायच्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सचिवानं वही वाचून दाखवली. साहेबांनी ती सगळी मान खाली घालून ऐकली, कारण तोंडावरचा तिटकारा लपवणं त्यांना जमत नसे. मग ते उठले, डबा टेबलावर ठेवला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की माझं बटण उलटं बसलं होतं, मी महिनाभर या डब्याशी बोलत होतो, आणि तुमच्या डोक्यात, टीव्हीत, कुंडीत आणि गणितात जे काही झालं त्याच्याशी माझ्या तारेचा काडीचाही संबंध नाही. बटण सीलबंद आहे, कुणीही वर येऊन पाहावं.

हशा उसळला. सचिव मान हलवून हसत होता. कुंडीवाल्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं. साहेबांचे कान तापले, पण त्यांना तो हशा गोड लागला. टीव्हीचे पट्टे आणि घणाणणारी डोकी त्याच्यात वाहून जात होती. ते जिंकत होते.

तेव्हा शाळाबाई उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मी खोटं लिहिलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला खरंच दुखल्यासारखं वाटायचं, पण तुमच्या तारेनं नव्हतं ते, झालं? आता मला एक सांगा. एवढे तुम्ही अधिकारी. आपलं यंत्र कुठं बोलतंय हे तुम्हाला महिनाभर कळलं नाही. उलट तुम्ही माझ्यावर तार तोडल्याचा आळ घेतलात. उद्या ते बटण सरळ केल्यावर आमच्या डोक्यावर काय सोडाल, हे तुम्हाला कळेल कशावरून?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं की चूक काट्याची होती, मापाची नव्हती. हे वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं, कारण ते त्यांनी शेकडो दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ऐकून एकदाही कुणाला सोडलं नव्हतं. ते खाली बसले. त्या इमारतीत इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललं होतं.

हात वर झाले. त्यांच्या बायकोचा आणि आणखी दोघांचा सोडून सगळे. तार संध्याकाळपर्यंत उतरवायची ठरली. उठताना सचिवानं त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप साहेबांना त्या सगळ्या वहीपेक्षा घाण वाटली.

वर आल्यावर त्यांनी पट्टी फाडली, स्क्रू सैल करून बटण नीट बसवलं आणि टेबलाशी बसले. अंगात तोच बैठकीचा शर्ट होता, काखेत घामेजलेला. मापकाचा काटा या वेळी जरा डगमगला. त्यांनी एकदाच हाक दिली.

उत्तर लगेच आलं. पलीकडे एक म्हातारा होता, आवाजावरून तरी. खोकून तो म्हणाला, की तुम्ही अगदी खोलीत बसल्यासारखे ऐकू येताय, नवीन दिसता, काय काम करता? साहेबांनी सांगितलं, वजनमापं तपासत होतो.

"अरे वा!" म्हातारा म्हणाला. "मग सांगा बरं, आमचा वाणी मला कसा फसवतो ते. मला फार दिवसांपासून विचारायचं होतं कुणाला तरी."

साहेब बोलले. म्हातारा हसला, मध्ये मध्ये प्रश्न विचारत राहिला, आणि तीन वाजून गेले तरी दोघांना थांबवेना. बायको दोनदा दारात येऊन परत गेली. शेवटी म्हातारा म्हणाला, की बॅटरी संपत आली, बाकीचं उद्या. उद्या याच वेळी असाल ना?

साहेबांनी खिडकीतून वर जाणाऱ्या तारेकडे पाहिलं.

"असेन की," ते म्हणाले. "नक्की असेन."

मग त्यांनी यंत्र बंद केलं, खणातून पक्कड घेतली आणि गच्चीचा जिना चढायला लागले.